दोन मुठी

एप्रिलमध्ये शाळेचं सभागृह लष्कराला द्यावं लागतं.
मुकदाहानच्या उन्हात मेकाँगसुद्धा पांढरी पडते,
पलीकडचा लाओस धुरकट होतो,
आणि एकविशीतली एकाहत्तर पोरं
सदरे काढून पहिलीच्या बाकांवर बसतात,
गुडघे हनुवटीला लावून.

दंडावर शाईने आकडा. छाती मोजायची, उंची मोजायची,
मग डब्यात हात घालायचा.
काळी चिठ्ठी निघाली तर घरी.
लाल निघाली तर दोन वर्षं.

डबा आमचाच.
एरवी वक्तृत्व स्पर्धेचे विषय त्यातून निघतात,
माझा आवडता सण, पाणी वाचवा,
आणि एका वर्षी मीच टाकलेला:
लष्करी सेवा सक्तीची असावी का?

तो आला थवत्चायच्या हाताला.
नावाचा अर्थच ध्वजाचा विजय.
पोरगं असं बोललं की मुख्याध्यापक उभे राहिले.
देशाचं ऋण, शिस्त, घाम,
गरीब-श्रीमंत एका रांगेत.
मी पहिला नंबर दिला.
वाक्यं निम्मी माझीच होती.

फानोम शेवटच्या बाकावर.
त्याच विषयावर त्याच्या वहीत एवढंच:
"बाई, जायचं त्यानं जावं. बाकीच्यांनाही कामं आहेत."
दहापैकी दोन.
तेही शुद्धलेखनाचे.

आता रांग समोर होती, आणि मी मोजत होते.
गिरणीवाल्याचा मुलगा नव्हता;
शहरातल्या शाळेत तीन वर्षं शनिवारची कवायत केली, सुटला.
आमच्याकडे कवायतीचा वर्गच नाही.
नऊजण आपणहून गेले, त्यातले पाच पगारासाठी.
बहिणी खिडकीशी उभ्या, भावांचे सदरे हातात धरून.
त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत.
आणि मीही कधी विचारलं नव्हतं, का नाहीत.

सक्ती वाईटच, असं मी म्हणणार नाही.
बाविसाव्या वर्षी बाँडपायी मला डोंगरातल्या शाळेत धाडलं.
सहा महिने रडले.
मग एका पोरीचे केस विंचरताना उवा निघाल्या,
हातातलं काम वाढलं
आणि रडायचं राहूनच गेलं.
पण मला कुठल्या डब्यानं पाठवलं नव्हतं.
हुकमावर कारण लिहिलं होतं:
तिथं शिक्षक नाही.

थवत्चायची चिठ्ठी काळी.
गुडघेच गेले त्याचे. दोन शिपायांनी काखेत धरून उचलला,
तो हसतोय की रडतोय कळेना.
मग माझ्याकडे नजर गेली
आणि चेहरा एकदम विझला.
मी टाळ्या वाजवल्या.
वाजवायला हव्या होत्या का, अजून ठरत नाही.

फानोमची लाल.
नियमाप्रमाणे त्यानं ती उंच धरली, सगळ्यांना दिसेल अशी.
आई देवळात शंभर उकडलेली अंडी बोलून आली होती,
ती नुसतीच पदराची टोकं चाचपत बसली.
तो खाली आला, सदरा उलटाच घातला,
म्हणाला, "बाई, माशांचं काय?"

नदीत त्याचे चार पिंजरे आहेत.
आईला तराफ्यावर तोल राहत नाही.
मला पोहता येत नाही, पण हे मी त्याला सांगितलं नाही.

मे महिन्यात गाडी आली, गेली.
आता शाळा सुटली की मी नदीवर जाते.
कधी थवत्चाय आधीच आलेला असतो,
दोर ओढून तराफा काठाशी धरतो,
एक शब्द बोलत नाही.
मीही विषय देत नाही.

पिंजऱ्याला दोन मुठी, फानोमनं बजावलंय.
त्याच्या मुठी की माझ्या,
हे विचारायचं राहिलं.
पोत्यात हात घालते, दर वेळी जरा थांबते.
खाली मासे तोंडं उघडून वर आलेले असतात.
मी तीन टाकते.